रोमुलोचं निळं घर

लोस येकोस या आमच्या समुद्रकाठच्या वस्तीच्या मागच्या माळावर एकदा उमटलेला माग पुसला जात नाही. पाऊस तिथे पडतच नाही. वारा धूळ तेवढी नेतो. पण जमिनीवर बारीक खड्यांची जी साय धरलेली असते, ती फाटली की फाटली. खेचरांच्या गाड्या मिठाची पोती वाहायच्या, त्या काळचे चाकांचे दोन चरे अजून उन्हात तसेच पडलेत, आणि त्या गाड्या हाकणाऱ्यांची नातवंडंसुद्धा मातीत गेली. म्हणून रविवार जवळ आला की ओर्फिलिया सारखी माळाकडे बघत राहायची. रविवारी शहरातून जीपा यायच्या, फटफट्या यायच्या, चार चाकांच्या फटफट्या यायच्या, आणि माळभर नुसता धुरळा उधळायचा. सोमवारी समुद्रातून विकायचं शेवाळ ओढून झालं की ती वर चढून जायची. परत यायची तेव्हा वर काय झालंय ते तिच्या चेहऱ्यावर दिसायचं.

त्या माळावर चिर्रीओ अंडी घालते. समुद्रावरच्या सुरय पक्ष्यांमधली सगळ्यात धाकटी ही. मुठीत मावेल एवढा जीव, काळी टोपी, पिवळी चोच. मासा समुद्रात धरते, पण अंडं घालते ते पार आत, उघड्या माळावर, वाटीएवढ्या खळग्यात. अंडं खड्यांच्या रंगाचं, पिल्लूही खड्यांच्या रंगाचं. कोल्हा किनाऱ्यावर हिंडतो, म्हणून तिच्या आज्या-पणज्यांनी ही जागा निवडली असणार. चाकं येतील हे त्यांना कुणी सांगितलं होतं?

पिल्लू धोका आला की पळत नाही. जमिनीला चिकटून बसतं. कोल्ह्यापुढे ते चालतं. जीपपुढे नाही.

मागच्या उन्हाळ्यात मोठ्या माळावरची सगळी वसाहत चाकांखाली गेली. उरलेल्या पक्ष्यांनी या साली दोन टेकड्यांमागची सपाटी धरली. परातीसारखी सपाटी, आणि आत जायला एकच खिंड. ओर्फिलिया म्हणाली, "नेल्दा, यांना आता याच्यापलीकडे जायला जागा नाही गं. पुढे नुसता खडक आहे." मी तिच्याबरोबर शेवाळ ओढते, शेजारी राहते, तिला पाखरांचं एवढं का लागतं हे मला आधी कळायचं नाही. नंतर लक्षात आलं. तिचा नवरा रोमुलो समुद्रावर गेला तो आलाच नाही. होडी सापडली, माणूस नाही. त्या वर्षी ती रोज पहाटे किनाऱ्यावर उभी राहायची, आणि समुद्रावरून घराकडे परत येणारं तिला एवढंच काय ते दिसायचं: चोचीत मांदेली धरून डोक्यावरून माळाकडे जाणाऱ्या चिर्रीओ.

सरकारी माणसांनी माळावर फलक लावला होता. एका रविवारी मांस भाजताना कुणाचं तरी जळण संपलं, आणि फलकाचे खांब निखाऱ्यात गेले. ओर्फिलिया फटफट्यांपुढे हात पसरून उभी राहून बघायची, तर पोरं तिच्याभोवती गोल गोल फिरायची. "मावशी, एक चक्कर मारायची का?"

युक्ती सुचली ती हमरस्त्यावर. आम्ही शेवाळाचे भारे घेऊन ट्रकची वाट बघत होतो. समोर एका ट्रकवाल्याची आनिमिता आहे: तो जिथे उलटून मेला तिथेच त्याच्या माणसांनी बांधलेलं गुडघ्याएवढं घर, पत्र्याचं छप्पर, आत मेणबत्त्या, बाहेर पाण्याच्या बाटल्या. वाटेत मेलेल्याचा जीव तिथेच घुटमळतो. त्याला निवारा नको का? तेवढ्यात एक फटफटीवाला माळावरून असा बेभान आला की घरासकट मेणबत्त्या उडवणार. शेवटच्या क्षणी त्याने गाडी वळवली. वेग उतरवला, छातीवर क्रूस काढला, दोनदा हॉर्न दिला. आणि पुढे जाऊन पुन्हा उधळला.

"बघितलंस?" ओर्फिलिया म्हणाली.

"काय?"

"जिवंत माणसाला भीत नाहीत हे."

दुसऱ्या दिवशी तिच्या अंगणात मासळीचं फुटकं खोकं उलटं पडलेलं, आणि ती होडीच्या निळ्या रंगाने ते रंगवत बसलेली.

"कोण गेलं गं?" मी घाबरून विचारलं.

"कुणी नाही."

"मग?"

"कुणीतरी जायला हवं."

मला आधी हसू आलं, मग अंगावर काटा. मी म्हटलं, "नाव काय घालणार? घाल काहीतरी परगावचं."

"आणि त्या नावाचा कुणी जिवंत असला तर?"

हे खरं होतं. जित्याजागत्या माणसाचं नाव आनिमितेवर गेलं की त्याचं मरण आपण बोलावल्यासारखं होतं. नाव मेलेल्याचंच हवं. ज्याला घर मिळालेलं आहे त्याचंही चालत नाही, एका जिवाला दोन घरं कशी? ब्रश हातात तसाच सुकत चालला होता. मग ओर्फिलियाने तो पांढऱ्या रंगात बुडवला आणि छपराच्या पत्र्यावर लिहिलं: रोमुलो.

 वस्तीत सगळ्यांना कळलं, पण कुणी अडवलं नाही. आम्ही दोघींनी ते घर खिंडीच्या मधोमध नेऊन ठेवलं, समुद्राच्या वाऱ्याकडे पाठ करून. त्या रविवारी टेकडीआड बसून आम्ही बघत होतो. पहिली जीप खिंडीपाशी आली. थांबली. हॉर्न दिला. आणि वळून गेली.

दुसरी वळली. तिसरी वळली. ओर्फिलियाने माझा दंड इतका घट्ट धरला होता की चार दिवस निळा राहिला.

पण वस्तीत भिंतींना कान असतात, आणि म्हातारीला दोनच असले तरी पुरतात. रोमुलोची आई सुनिल्दा, सगळे तिला मानाने दोन्या म्हणतात, सुनेबरोबरच राहते. एका दुपारी पाव चहात बुडवता बुडवता ती म्हणाली, "माझ्या लेकाला घर बांधलंय म्हणे तू."

ओर्फिलियाने हातातला कप खाली ठेवला.

"मला घेऊन चल," म्हातारी म्हणाली.

आम्ही तिला घेऊन वर चढलो. ओर्फिलियाला वाटत होतं, आता म्हातारी काठीने ते खोकं फोडणार, माझा लेक कुठे मेला हे मला माहीत नाही का म्हणून ओरडणार. म्हातारी खिंडीत पोचली, धापा टाकत खाली बसली, शालीतून मेणबत्ती काढून आत लावली. ज्योत सरळ उभी राहिली. म्हातारी तिच्याकडे किती तरी वेळ बघत बसली आणि मग हलक्या आवाजात, आमच्या गावच्या चालीत, तिनं म्हटलं:

दर्याच्या घराला
नाही उंबरा, नाही दार
कुठं ठेवू दिवा
माझा लेक पाण्यापार

त्यानंतर ती दर शनिवारी वर जायला लागली. घडीचं स्टूल, थर्मास, मेणबत्ती. खाली उतरायची ती रंगात येऊन. शेजारणींना टोमणे मारायची, पावात जास्त लोणी मागायची.  

मग एका जीपवाल्याची गाडी खिंडीपाशी बंद पडली. त्याने निळ्या घरापुढे हात जोडले, आणि गाडी सुरू झाली. त्याने पाण्याची बाटली ठेवली. पुढच्या आठवड्यात आणखी दोन बाटल्या, एक जुनी नंबरप्लेट, कागदी फुलं. रोमुलो पावतो, अशी शहरात बोलवा झाली. रोमुलो चाकवाल्यांचा आहे. रोमुलोला हाक मारली की वाळूत रुतलेलं चाक निघतं.

आणि ते गाड्या घेऊन यायला लागले, थेट त्याच्या दारापर्यंत. दाराशी खिंड अरुंद, तिथे जीप वळत नाही. आनिमितेच्या बाजूने घासून आत जायचं, सपाटीवर वळसा घ्यायचा आणि परत यायचं. पहिला वळसा लहान होता. नंतरचे मोठे. ओर्फिलिया सोमवारी वरून आली आणि दारातच बसली.

"मीच बोलावलं त्यांना," ती म्हणाली. "मीच."

ही सगळी उन्हाळ्याच्या सुरुवातीची गोष्ट. अंडी फुटायला लागली आणि त्याच आठवड्यात, शुक्रवारी दुपारी, दान्को आला.

धिप्पाड, उन्हाने लाल झालेला, खाणीतली यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. शहरातल्या जीपवाल्यांच्या मंडळाचा म्होरक्या. केकचा खोका दोन्ही हातांत असा धरला होता, जणू आत काच आहे. मी तिथेच होते, कालवं फोडत.

"रोमुलोची बायको तुम्हीच ना, मावशी? दुकानात विचारलं. मी दान्को. तुमच्या पाया पडायला आलोय."

"कशाला?" ओर्फिलिया म्हणाली.

"माझी पोर जिवंत आहे ती तुमच्या नवऱ्यामुळे." आणि तो उभ्या उभ्याच सांगायला लागला. खिंडीच्या अलीकडे वाळूत रुतला होता, एकटा. फोन आला: बायकोचे दिवस भरले नव्हते तरी पोर जन्मली, आणि श्वास घेत नाही. "चाक निघेना. हातांनी उकरतोय, नखं तुटली. समोर ते निळं घर. मी म्हटलं, रोमुलो, तू कोण मला माहीत नाही, पण तिला श्वास दे. आयुष्यभर तुझा राहीन." त्याने नाक ओढलं. "पुन्हा फोन वाजला तेव्हा तिचं रडणं ऐकू आलं. आता हे एवढे गाल आहेत तिचे."

 म्हातारी कोपऱ्यातून त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"तर रविवारी नवस फेडतोय," दान्को म्हणाला. "संगमरवरी पाटी केलीय. अख्खं मंडळ येतंय, तीसेक गाड्या, बायकापोरं. मागची सपाटी काय सुंदर आहे! सगळ्या गाड्या मावतात. पाटी बसवायची, तिथेच मांस भाजायचं, गिटार. तुम्ही दोघी मानाच्या पाहुण्या. न्यायला जीप पाठवतो."

"नको," ओर्फिलिया म्हणाली.

"अहो, लाजता काय! माणसं तुमचीच आहेत."

तो गेला. केकवर पांढऱ्या साखरेने 'रोमुलो' लिहिलेलं होतं. म्हातारीने सुरी मागितली.

शनिवारी आम्ही दोघी टेकडीवर पालथ्या पडून सपाटीकडे बघत होतो. आधी काहीच दिसत नाही. मग एक खडा हलतो, आणि ते पिल्लू असतं. वरून आई उतरते, मांदेली पिल्लाच्या तोंडात आडवी अडकते, ते मागेपुढे डोलतं, गिळतं. मग दुसरा खडा हलतो. अजून कुणालाच पंख फुटले नव्हते.

"सांगून टाक त्याला," मी म्हटलं.

"काय सांगू? तिथे कुणी मेलं नाही म्हणून? मग ते खोकं लाथाडतील आणि वाट सताड उघडी."

"आणि नाही सांगितलंस तर हात जोडत जोडत पिल्लांवरून जातील."

"माहीत आहे मला."

"मग?"

 ती म्हणाली, "आणि म्हातारी? तिची मेणबत्ती कुठे लावू मी मग?"

रविवारी सकाळी समुद्रावरचं धुकं माळावर चढून बसलं होतं. आम्ही तिघी वर गेलो. म्हातारी ऐकेना, तिने जांभळी शाल घेतली, केस विंचरले, आणि आनिमितेच्या मागे, खडकाच्या आडोशाला स्टूल टाकून बसली. ओर्फिलिया पुढे उभी राहिली. हातात काही नव्हतं. मी म्हटलं, निदान शेवाळाचा आकडा तरी आणायचास. ती म्हणाली, "आकड्याने काय करू, जीप ओढू?"

आधी आवाज आला. धुक्यात तो सगळीकडून येतो. वाटतं, जमीनच गुरगुरतेय. मग दिवे. पिवळे, मोठे, एकामागे एक.  मागे सपाटीवर चिर्रीओंची चिरचिर सुरू झाली होती. दिवे त्यांनाही दिसले असणार.

पहिली जीप तिच्यापासून दोन हातांवर थांबली. दान्को उतरला, पांढरा इस्त्रीचा सदरा.

"मावशी! आम्हाला घ्यायला इथवर आलात?"

"गाड्या आत न्यायच्या नाहीत."

"का?"

"आत पिल्लं आहेत."

तो हसला, कुचेष्टेने नाही, लाडाने. "पाखरांची? अहो, हळू चालवू. पोरंबाळं आहेत गाडीत, आम्ही काय राक्षस आहोत?"

"तुला ती दिसणार नाहीत. कुणालाच दिसत नाहीत."

मागून हॉर्न वाजला. लाल हेल्मेटवाला एक फटफटीवाला पुढे घुसला. "काय झालं, दान्को? निखारे पेटवायचेत की नाही?"

"थांब रे, उमे." दान्कोचं हसू अजून तोंडावर होतं, पण त्याला कळत होतं की काहीतरी बिनसलंय. "मावशी, नवसाचा दिवस आहे. अडवू नका."

आणि ओर्फिलियाने सांगून टाकलं. एका दमात, त्याच्या डोळ्यांत बघत. "रोमुलो इथे मेला नाही. समुद्रात मेला. हे घर मी बांधलं, मासळीच्या खोक्याचं. तुम्ही आत येऊ नये म्हणून. इथे कुणी नाही, दान्को."

एकेक इंजिन बंद होत गेलं. शेवटचं बंद झालं तेव्हा कुठल्या तरी गाडीतलं बाळ कुरकुरताना ऐकू आलं. दान्कोचा चेहरा मी बघितला आणि मला वाटलं, त्याने तिला मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मग मी कुणाकडे मागितलं?" तो म्हणाला.

ओर्फिलियाने निळ्या घराकडे बघितलं.

"नाही, सांगा ना. त्या दिवशी मी गुडघ्यांवर बसून कुणाकडे मागितलं? खोक्याकडे?"

"फसवलं या बाईने!" लाल हेल्मेटवाला ओरडला. "काढा ते खोकं!"

पण कुणी पुढे झालं नाही. आत त्यांच्याच बाटल्या होत्या, त्यांचीच फुलं. दान्कोने दात आवळले. "खोटं आहे ना? मग तुम्हीच उचला. उचलून फेका, म्हणजे विश्वास ठेवतो."

ती खाली वाकली. दोन्ही हात छपरावर ठेवले. आत म्हातारीची कालची मेणबत्ती, मेणाचं तळं होऊन थिजलेली, आणि तिच्या शेजारी बाळाचा विणलेला एक बूट. दान्कोनेच ठेवला असणार. उचललं तर वाट मोकळी. नाही उचललं तर, इथे कुणी नाही हे तिचं म्हणणंच खोटं. हात छपरावर होते आणि हलत नव्हते. 

"हात काढ, पोरी."

म्हातारी उठून पुढे आली होती. शाल सावरत, काठी टेकत. लोकांना ती धुक्यातून उगवल्यासारखीच दिसली असेल. एका बाईने पटकन क्रूस काढला.

"मी त्याची आई," म्हातारी म्हणाली. "सून सांगते ते खरं आहे. त्याला समुद्राने नेलं."

"मग इथे आहे की नाही तो?" दान्कोचा आवाज फाटला.

"मला काय विचारतोस? मी काय देव आहे? किनाऱ्यावर मी इतकी वर्षं मेणबत्ती लावली, एक दिवस टिकली नाही. इथे टिकते. मला तेवढं पुरतं." ती त्याच्या जवळ गेली, त्याच्या छातीपर्यंतसुद्धा पोचत नव्हती. "तुझी पोर श्वास घेते ना?"

"घेते."

"दूध पिते?"

"पिते, दोन्या."

"मग भांडतोस कशाला, गाढवा? मिळालं ना? आता फेड." तिने काठी जीपच्या टायरवर आपटली. "पण हे काय आहे? नवस कुणी बसून फेडतं का? माझी आई गुडघ्यांवर गेली होती देवीच्या दारापर्यंत, सालटी निघाली होती. आणि तू? गादीवर बसून, गार हवा लावून? लेकराच्या जिवाची हीच किंमत केलीस?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. दान्कोचे कान लाल झाले.

"माझ्या लेकाकडे यायचं तर पायी यायचं," म्हातारी म्हणाली. "डांबरी रस्त्यापासून. आणि त्याच्या दाराच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. मागे त्याचं अंगण आहे."

तेवढ्यात फटफटी गर्जली. "एका खोक्यासाठी रविवार घालवा तुम्ही!" लाल हेल्मेट आनिमितेच्या बाजूने, खडकाला घासत, आत घुसलं.

सगळी सपाटी एकदम वर उडाली. पांढरे पंख, चिरचिर, आणि खाली गोल गोल फिरणारं ते लाल हेल्मेट. पक्षी त्याच्या डोक्यावर झेपावत होते, तो एका हाताने त्यांना हाकलत होता. ओर्फिलिया किंचाळत खिंडीच्या तोंडाशी धावली आणि तिथेच थिजली. पुढे पाऊल टाकायचं म्हणजे कुणावर तरी टाकायचं. दान्को तिच्या मागे आला. "थांब!" तो ओरडला. "उमे! आहेस तिथे थांब!" त्याच्या आवाजाने मी दचकले. फटफटी एक मोठा वळसा घालून बाहेर आली तेव्हा दान्कोने तिची किल्लीच काढून घेतली, आणि त्या पोराला गळपट्टी धरून खाली उतरवलं.

हळूहळू पक्षी खाली बसले. एकेक जण आपल्या खळग्यापाशी. खडे पुन्हा हलायला लागले. इथे एक, तिथे एक. ओर्फिलिया ओठ हलवत बघत होती, मोजत नव्हती, हाका मारल्यासारखं पुटपुटत होती.

एक चिर्रीओ मात्र चाकाच्या ताज्या मागाशेजारी उतरली. चोचीत मांदेली. ती चार पावलं इकडे चालली, चार तिकडे. मासा खाली ठेवेना, गिळेना. पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. मागाच्या आत काय होतं ते आम्हाला तिथून दिसत नव्हतं, आणि दिसायची गरजही नव्हती.

दान्को त्या पक्ष्याकडे बघत होता. मग त्याने इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं आणि वळला.

"सगळ्यांनी मागे," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "आलात त्याच मागावरून. डांबरीवर गाड्या लावा."

कुणी कुरकुरलं, कुणी शिव्या दिल्या, दोन जीपा सरळ शहराकडे निघून गेल्या. बाकीच्या मागे मागे सरकत धुक्यात विरल्या. आम्ही वाट बघत बसलो. म्हातारीने थर्मासातला चहा ओतला, माझ्या हातात कप दिला, ओर्फिलियाच्या हातात दिला. ओर्फिलियाने तो धरला आणि प्यायली नाही.

धुकं उठलं, ऊन तापलं, आणि ते दिसायला लागले. रांग करून, माळावरून, पायी. बायकांच्या हातांत चपला, पोरं खांद्यावर. पुढे दान्को, पाठीवर संगमरवरी पाटी दोरीने बांधलेली, वाकून चालत होता. त्याच्या बायकोच्या कुशीत ती पोर होती. खरंच एवढे गाल. खिंडीपाशी पोचल्यावर तो गुडघ्यांवर बसला, आणि शेवटचं अंतर गुडघ्यांवर आला. खडे टोचत असणार. म्हातारी मान हलवत बघत होती, सासरी आलेल्या सुनेचा स्वयंपाक बघावा तशी.

पाटी बसली. पोरीचा हात निळ्या छपराला लावला. ती शिंकली, आणि सगळे हसले. ओर्फिलियाकडे दान्कोने बघितलं नाही. जाता जाता मात्र तिच्याजवळ थांबला.

"तुम्हाला माफ केलेलं नाही, मावशी."

"बरोबर आहे," ती म्हणाली.

"पुढच्या वर्षी पोर चालत येईल. दाखवायला आणतो."

मांस त्यांनी डांबरी रस्त्याकडेला भाजलं. म्हातारीसाठी एक मोठा तुकडा पावात घालून वर पाठवला. तिला दात नाहीत; तिने चघळून चघळून रस घेतला आणि बाकीचं मला दिलं.

संध्याकाळी वारा पडल्यावर आम्ही फटफटीचा माग झाडायला घेतला. झाडला नाही तर पुढच्या रविवारी कुणीतरी त्याच्यावरूनच आत जाणार. वाळलेल्या शेवाळाच्या झाडण्या, खडे हलकेच सारखे करायचे, वरची साय पुन्हा धरल्यासारखी दिसेल इतपत. खिंडीच्या तोंडापासचा तेवढा. आतला तसाच राहू दिला. तिथे जायचं नाही. ती चिर्रीओ दिसत नव्हती. समुद्रावर गेली असेल.

म्हातारी स्टुलावर बसून आम्हाला चुका दाखवत होती. "ए नेल्दा, तिथे राहिलं. आंधळी आहेस का?"

 मग, ओर्फिलियाकडे न बघता, ती म्हणाली: "नाव लिहिलंस तेव्हा मला विचारलं नाहीस."

ओर्फिलियाची झाडणी थांबली. "तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणाले असते."

"मग?"

"मग तू तरीही लिहिलं असतंस. मी ओळखते तुला." म्हातारीने शालीतून नवी मेणबत्ती काढली. "रंग उरलाय का थोडा?"

"आहे. पांढरा आहे."

"उद्या त्याच्या नावाखाली लिही: 'पायी या'. मोठ्या अक्षरात लिही, हेल्मेटातून दिसेल असं."

तिने काडी ओढली. ओर्फिलिया अजून खाली बघत होती. मग तिने झाडणी उचलली, आणि आम्ही दोघी आपलीच पावलं झाडत, उलट्या पावली, निळ्या घराकडे सरकायला लागलो.